साडेपाच सेंटिमीटरचं भांडण

गाडी नवी होती. सीटवरचं प्लॅस्टिक काढून जेमतेम आठवडा झाला होता. पहिलीच लांबची फेरी म्हणून आईला घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. ती पुढे, माझ्या शेजारी. खंबाटकी घाट चढून होईपर्यंत काही बोलली नाही. साताऱ्याजवळ चहाला थांबलो तेव्हा मान चोळत म्हणाली, "पंचाहत्तर वर्षांत मला कुणी मान खाली घालायला लावली नाही. ती तुझ्या गाडीनं लावली."

खरंच होतं ते. सीटच्या वर बसवलेलं हेडरेस्ट तिचं डोकं मागून सारखं पुढे ढकलत होतं. त्यात तिचा अंबाडा. हनुवटी छातीकडे, नजर डॅशबोर्डवर, अशा अवस्थेत तिनं शंभरएक किलोमीटर काढले होते.

कोल्हापुरात मामेभावानं प्रश्न अर्ध्या मिनिटात निकालात काढला. दांडीच्या मुळाशी असलेलं बटण दाबलं, हेडरेस्ट उपसलं आणि डिकीत टाकलं. "बस जा आता निवांत, आत्या." आई निवांत बसली. परतताना खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर रांगेत उभे होतो, तेव्हा मागे टायर करकचले. आरशात एक टेम्पो मोठा मोठा होत आला आणि आमच्या बंपरपासून हातभरावर थांबला. झालं काहीच नाही. पण मी डावीकडे पाहिलं, तर आईच्या डोक्यामागे नुसती हवा होती. सीट तिच्या खांद्यापाशी संपत होती.

हेडरेस्ट असलं तर मान दुखते, काढलं तर जीव टांगणीला. नवी गाडी घेणाऱ्या कितीतरी घरांत हे भांडण चालू असतं. ते आहे सगळं मिळून साडेपाच सेंटिमीटरचं. ते कुठून आलं हे कळलं, की मिटवायला फारसे कष्ट पडत नाहीत.

नावातला घोळ

घोळ 'रेस्ट' या शब्दापासून सुरू होतो. विश्रांतीसाठी दिलेली वस्तू टोचत असेल तर ती काढून टाकावी, असं कुणालाही वाटणारच. १९२१ मध्ये अमेरिकेतल्या ओकलंडचे बेंजामिन कॅट्झ यांनी मोटारीच्या हेडरेस्टचं पेटंट मागितलं, आणि हे नाव पुढे चिकटून राहिलं. अभियंत्यांच्या आणि नियमांच्या भाषेत मात्र या वस्तूला 'हेड रिस्ट्रेंट' म्हणतात, म्हणजे डोकं रोखून धरणारा अडसर. उशी रोज वापरायची असते. दाराचा अडसर कुणी दार ढकलेपर्यंत नुसता उभा असतो. हेडरेस्ट या दुसऱ्या जातीचं आहे. गाडी चालवताना त्यावर डोकं टेकायचं नसतं. ते फक्त जवळ असावं लागतं.

आपल्या जुन्या गाड्यांना हा अडसर नव्हताच. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची सीट आठवा. पाठ खांद्याच्या खालीच संपायची आणि वर चालकाचा टॉवेल टाकलेला असायचा. तेव्हा मान दुखते अशी तक्रार कुणी केली नाही, कारण मानेमागे तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. मागून कुणी ठोकलं तर मात्र मानेचं जे व्हायचं ते निमूट होऊन जायचं.

पापणी लवायच्या आत

मागून धडक बसली की काय होतं, ते सावकाश पाहू. प्रत्यक्षात तो सगळा खेळ सेकंदाच्या एका लहानशा भागात आटोपतो.

गाडी पुढे फेकली जाते. गाडीबरोबर सीट, आणि सीट पाठीला ढकलते म्हणून धडही पुढे जातं. डोक्याला मात्र कुणी ढकललेलं नसतं. साडेचार-पाच किलोचं ते वजन, पिठाच्या पिशवीएवढं, जिथे होतं तिथेच राहू पाहतं. खालून खांदे निघून चाललेत आणि वर डोकं जागेवर, या ओढाताणीत मधले मानेचे सात मणके सापडतात. मान आधी सरळ मागे वाकत नाही, तिला नागमोडी बाक येतो. खालचे मणके मागे वाकतात, वरचे पुढे. रोजच्या कुठल्याही हालचालीत मान असा आकार घेत नाही. त्यानंतर डोकं मागे फेकलं जातं आणि शेवटी उसळून पुढे येतं. स्नायू सावध होऊन मान धरेपर्यंत पहिला अंक संपलेला असतो.

अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञ हॅरोल्ड क्रो यांनी १९२८ मध्ये या प्रकाराला 'व्हिपलॅश' हा शब्द वापरला. आसूड फटकारताना मूठ पुढे गेली तरी टोक मागे रेंगाळतं आणि मग झटक्यानं येतं. मानेचं तसंच होतं. १९५५ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सेव्हेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाड्या मुद्दाम मागून आदळवून मोजमापं घेतली. त्यांच्या आकड्यांतून एक चकित करणारी गोष्ट दिसली. डोक्याला बसलेला झटका गाडीला बसलेल्या झटक्यापेक्षा मोठा होता. म्हणूनच बंपरला नुसता पोचा पडलेला असतो आणि आतला माणूस महिनोन्‌महिने मान धरून बसतो. सिग्नलला, टोलला, बोरघाटातल्या कोंडीत बसणारी साधी धडकसुद्धा त्याला पुरते.

इथे अंतराचा प्रश्न येतो. बंद दाराला कपाळ टेकवून उभे राहा आणि पलीकडून कुणाला तरी दार ढकलायला सांगा. तुम्ही दाराबरोबर मागे सरकाल, लागणार नाही. आता वीतभर लांब उभे राहा आणि तोच धक्का द्यायला सांगा. दार वेग घेऊन कपाळावर आपटेल. डोकं आणि हेडरेस्ट यांचं नातं असंच आहे. मधली फट जितकी मोठी, तितका जास्त वेळ धड पुढे आणि डोकं मागे राहतं, आणि मान तितकी ताणली जाते. या फटीला अभियंते 'बॅकसेट' म्हणतात. आपण फटच म्हणू.

नियम कडक झाला, मान वाकली

अमेरिकेनं १ जानेवारी १९६९ पासून नव्या मोटारींच्या पुढच्या दोन्ही सीटना हेडरेस्ट सक्तीचं केलं. त्या नियमात उंचीची अट होती. बसण्याच्या ठराविक बिंदूपासून ७०० मिलिमीटर. फटीबद्दल मात्र तो गप्प होता. त्यामुळे पुढची तीसेक वर्षं हेडरेस्ट असूनही नसल्यासारखी राहिली. बुटकी, मागे रेललेली, आणि वर-खाली होणारी असतील तर बहुतेकांनी तळालाच सोडलेली.

'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' या अमेरिकी संस्थेनं १९९५ मध्ये बाजारातल्या गाड्यांची हेडरेस्ट मोजली, तेव्हा 'चांगली' म्हणावीत अशी बोटांवर मोजण्याइतकीच निघाली. स्वीडनमध्ये या विषयावर आधीपासून काम चालू होतं. साबनं १९९७ मध्ये ९-५ या गाडीत असं हेडरेस्ट आणलं, की धडकेत पाठीचा दाब सीटवर पडला की एका तरफेनं ते आपोआप वर-पुढे यायचं. व्होल्वोनं १९९८ मध्ये एस८० मध्ये सीटची पाठच माणसाबरोबर मागे सरकून धक्का पचवील अशी रचना केली. दोन्ही युक्त्यांमागचा विचार सुरेख होता. एरवी मानेला मोकळीक द्यायची आणि गरज पडली की फट मिटवायची.

पण अशी यंत्रणा महाग पडते. स्वस्त उपाय म्हणजे हेडरेस्ट कायमचंच पुढे आणून बसवणं. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेचा सुधारित नियम आला. पुढचं हेडरेस्ट सगळ्यात खाली असतानाही ७५० मिलिमीटरपेक्षा बुटकं नको, ८०० पर्यंत जाता आलं पाहिजे, आणि फट ५५ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. हेच आपले साडेपाच सेंटिमीटर. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक मंचानं हेडरेस्टसाठी जागतिक नियम केला, त्यातही पुढच्या सीटना हीच मर्यादा घातली. एका आराखड्यावर अनेक देशांसाठी गाड्या बनतात, त्यामुळे ही पुढे आलेली हेडरेस्ट सगळीकडे पोचली.

फायदा झाला, यात शंका नाही. त्याच अमेरिकी संस्थेच्या अभ्यासात, तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या मानेच्या दुखापती चांगल्या दर्जाच्या सीटमध्ये निकृष्ट सीटच्या तुलनेत ३५ टक्क्यांनी कमी आढळल्या. मग आईची मान का दुखली?

पंचवीस अंशांतला माणूस

कारण ती फट माणसाच्या डोक्यापासून मोजलेली नाही. ती एका यंत्राच्या डोक्यापासून मोजलेली आहे.

हे यंत्र म्हणजे सीटवर ठेवायचा वजनदार सांगाडा. मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मापाचा. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या विमा महामंडळानं बनवलेलं एक कृत्रिम डोकं त्यावर बसवतात. सीटची पाठ उभ्या रेषेपासून २५ अंश मागे झुकवतात आणि मग फट मोजतात. आरामात रेलून, पाय लांब करून हायवेवर गाडी हाकणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. तोच तो.

आपल्याकडे किती जण असे बसतात? "बोनेट दिसलं पाहिजे" हा आपला पहिला धडा. त्यासाठी सीट पुढे आणि पाठ जवळजवळ उभी. जेवायच्या टेबलाशी बसावं तसे आपण स्टिअरिंगशी बसतो. इथेच गणित बिघडतं. रेलून बसलं की नजर रस्त्यावर राहावी म्हणून मान आपोआप पुढे येते, आणि हेडरेस्टचा पुढे आलेला फुगवटा त्या पुढे आलेल्या डोक्यासाठीच असतो. पाठ उभी केली की मान धडाच्या रेषेत मागे जाते. फुगवटा मात्र सीटला जोडलेला, तो होता तिथेच. जिथे साडेपाच सेंटिमीटर मोकळे असायला हवेत, तिथे डोकं आणि हेडरेस्ट एकमेकांवर आदळतात. हेडरेस्ट काही हलत नाही. डोकं हलतं.

कोनाची करामत किती मोठी आहे, हे साध्या हिशोबात पाहता येईल. कंबरेपासून डोक्यामागच्या जागेपर्यंत सत्तरेक सेंटिमीटर धरा. सीटची पाठ २० अंशांवरून २५ अंशांवर नेली की हेडरेस्ट साडेपाच-सहा सेंटिमीटर मागे जातं. धडही मागे जातं, पण डोकं नजरेसाठी सावरलेलं राहतं, म्हणून या अंतराचा काही भाग मोकळ्या फटीत जमा होतो. लिव्हरच्या दोन खाचांत सगळं भांडण मिटू शकतं, ते असं.

दुसरी अडचण मापाची. मागच्या धडकेच्या चाचणीत जो पुतळा वापरतात, तो 'बायोरिड'. त्याच्या पाठीच्या कण्यात माणसासारखे २४ वेगवेगळे मणके आहेत. काम अतिशय बारकाईचं, पण पुतळा पुरुषाचा. व्हिपलॅशचा धोका स्त्रियांना जास्त असतो, हे अभ्यासांतून वारंवार दिसलेलं आहे. तरी मध्यम बांध्याच्या स्त्रीच्या मापाचा, मागच्या धडकेसाठीचा पूर्ण पुतळा स्वीडिश संशोधक ॲस्ट्रिड लिंडर यांच्या गटानं २०२२ मध्ये जगासमोर आणला. त्याची उंची १६२ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची त्याहूनही दहाएक सेंटिमीटर कमी. बुटक्या व्यक्तीच्या डोक्याला हेडरेस्टचा नेमका फुगीर भागच लागतो. आणि केसांचा हिशोब तर या पुतळ्यांमध्ये नाहीच. अंबाडा, घट्ट पोनीटेल, मागे लावलेला मोठा क्लचर यांतलं काहीही सहज तीन-चार सेंटिमीटर जागा खातं. म्हणजे साडेपाचातली निम्म्याहून अधिक फट गाडीत बसायच्या आधीच संपलेली असते.

डिकीत गेलेलं हेडरेस्ट

मामेभावाचा उपाय सगळ्यात लोकप्रिय आहे आणि सगळ्यात वाईटही. पूर्वीच्या काही सीटची पाठ तरी एकसंध असायची. आताची सीट हेडरेस्ट धरूनच उंच होते. ते काढलं की खांद्यापाशी एक कडा उरते आणि मागे फेकल्या जाणाऱ्या मानेला तीच टेकू म्हणून मिळते.

दुसरा उपाय हेडरेस्ट उलटं फिरवून बसवायचा. फुगवटा मागे गेला की पुढे भरपूर जागा होते, आणि हीच भरपूर जागा घातक असते. तिसरा उपाय गॅरेजमध्ये शिकंज्यात धरून दांड्या वाकवून घेण्याचा. धडकेचा सगळा भार त्या दोन दांड्यांवर येतो. एकदा वाकवलेली दांडी ऐन वेळी किती टिकेल, याचा भरवसा वाकवणाराही देणार नाही. चौथा म्हणजे पट्ट्यानं बांधायची ती गुबगुबीत मानेची उशी. जिचं डोकं आधीच पुढे ढकललं जातंय, तिला ती आणखी ढकलते.

या जोडीला व्हॉट्सॲपवर फिरणारा एक समज आहे. हेडरेस्ट काढता येतं ते गाडी पाण्यात पडली तर दांडीनं काच फोडण्यासाठी, असं त्यात ठासून सांगितलेलं असतं. तसं नाही. ते काढता येतं ते सीट दुमडता यावी, लहान मुलाची सीट नीट बसावी, साफसफाई आणि दुरुस्ती करता यावी म्हणून. अडचणीत दांडीच्या टोकानं कडक केलेली बाजूची काच फुटूही शकेल, पण दोन थरांमध्ये पारदर्शक पापुद्रा घातलेली काच तिला दाद देत नाही. त्या कामासाठी काच फोडायची छोटी हातोडी हाताशी ठेवावी. हेडरेस्टला त्याचं स्वतःचं एक काम करू द्यावं.

वाटाघाटी

भांडण हेडरेस्टशी असलं तरी वाटाघाटी सीटशी करायच्या असतात. क्रमही महत्त्वाचा आहे.

आधी बूड सीटच्या मागच्या कोपऱ्यात पूर्ण टेकवायचं. पुढे घसरून बसलं की कंबर गोल होते आणि पुढचं सगळं चुकतं. मग सीटची उंची. ती वाढवता येत असेल तर वाढवा. बोनेट दिसावं म्हणून पाठ उभी करावी लागते, ती गरजच त्यानं संपते. त्यानंतर पाठ एक-एक खाच मागे घ्या. चालवणाऱ्यानं हात स्टिअरिंगला आरामात पोचताहेत ना आणि छाती स्टिअरिंगच्या मध्यापासून निदान २५ सेंटिमीटर लांब आहे ना, हे पाहायचं. शेजारी बसणाऱ्याला ही अडचण नाही, पण आराम करायचा म्हणून आडवं होऊ नये. पट्टा खांद्यावरून सुटतो.

आता हेडरेस्ट. त्याची वरची कड डोक्याच्या माथ्याला यावी. निदान कानाच्या वरच्या टोकाच्या खाली नको. काही गाड्यांत ते पुढे-मागेही कलतं, आणि मालकाला वर्षभर पत्ता नसतो. अशा बऱ्याच हेडरेस्टना खाचा असतात. ते फक्त पुढे येतं, मागे ढकललं तर हटत नाही. म्हणून लोक ते बिघडलंय असं समजतात. ते पुढे ओढत शेवटच्या खाचेपर्यंत न्यायचं. तिथून सुटलं की थेट सगळ्यात मागे जातं. पुस्तिकेचं ते एक पान वाचलं तर कितीतरी माना वाचतील.

इतकं करूनही टोचत असेल तर धड किंचित पुढे आणायचं. चादरीची सपाट घडी किंवा पातळ, घट्ट गादी कंबरेपासून खांद्यांच्या फऱ्यांपर्यंत पाठीमागे ठेवायची. मानेमागे नाही. दीड-दोन सेंटिमीटर पुरतात. सीटच्या बाजूला एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली असेल तर ती कड झाकायची नाही. अंबाडा मानेवर उतरवायचा किंवा सैल वेणी घालायची. क्लचर काढून पर्समध्ये टाकायचा. फट मोजायला टेप लागत नाही. समोर पाहत बसायचं आणि डोकं न हलवता मागे आडवी बोटं घालायची. दोन-तीन बोटं मावली की झालं. पूर्ण पंजा उभा मावत असेल तर फट फार आहे. पाठीला बाक आलेल्या वयस्कर माणसांना ही उलटी अडचण येते. त्यांचं डोकं इतकं पुढे असतं की हेडरेस्ट पोचतच नाही. त्यांच्यासाठी ते शक्य तितकं पुढे आणावं.

सगळ्यात सोपा इलाज गाडी घ्यायच्या आधीचा आहे. शोरूममध्ये दोन मिनिटं बसून काही कळत नाही. घरातली सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटकी व्यक्ती सोबत न्या आणि अर्धा तास तरी फेरी मारा. सुरक्षेच्या स्टारवर विसंबू नका. १ ऑक्टोबर २०२३ ला सुरू झालेल्या भारत एनकॅपचे स्टार पुढून आणि बाजूनं होणाऱ्या धडकांवरून ठरतात. मागच्या धडकेत तुमच्या मानेचं काय होईल, हे त्यांवरून समजत नाही. आणि तशी धडक कधी बसलीच, तर हाताला मुंग्या येणं, पकड सुटणं किंवा वाढत जाणारी वेदना अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आमचं हेडरेस्ट त्याच संध्याकाळी डिकीतून बाहेर आलं. पाठ दोन खाचा मागे, कंबरेमागे जुन्या पंचाची घडी, अंबाड्याच्या जागी वेणी. पुढच्या खेपेला साताऱ्याच्या चहाला आईनं मान चोळली नाही, चहा गोड झालाय एवढंच म्हणाली. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांनी नवी गाडी आणली. पेढा हातात घेऊन आई गाडीत बसली आणि मायलेज, रंग, किंमत यांतलं काहीही विचारायच्या आधी डोक्यामागे हात नेऊन बोटं मोजली.